चारही चाकं सारखीच

देवमन तायडे रोज संध्याकाळी गाडीच्या चारही चाकांना हात लावून पाहत. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये कमरेइतकी भिंत आहे, त्यामुळे मला ते माझ्या ओट्यावरून दिसायचं. त्यांची मुलगी प्रियदर्शनी भातकुलीच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. ती साडेचारच्या सुमारास परत आली, गाडी अंगणात लागली, की देवमनभाऊ डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात करायचे, मागून वळसा घालायचे आणि उजव्या पुढच्या चाकापाशी येऊन थांबायचे. चाकाच्या पत्र्याला भोकं असतात. त्यातून दोन बोटं आत घालून आतल्या लोखंडाला टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "चारी सारखेच."

ही गाडी आधी आमची होती. सत्त्याण्णव सालची, पांढरी, लहान. माझे यजमान गेल्यावर ती मी काही वर्षं चालवली. मग गुडघ्यांनी नको म्हटलं, तेव्हा प्रियदर्शनीला दिली. बस पकडायची धावपळ वाचेल, असं मी तिला म्हटलं होतं. म्हणून त्या गाडीचं पुढे जे झालं त्यात मलाही स्वस्थ बसता आलं नाही.

देवमनभाऊ मूळचे अकोटकडचे. वडील जिनिंगमध्ये मजुरी करायचे. कापसाचा तंतू छातीत जाऊन ते लवकर खोकू लागले, तेव्हा आईनं ठरवलं की हा मुलगा कापसाच्या कामाला जाणार नाही. देवमनभाऊ आय.टी.आय. करून एस.टी.च्या अकोट डेपोत लागले आणि चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, ब्रेक. बस फेरीवरून परत आली की ते खाली वाकून चाकाआतल्या एकेका ब्रेकच्या ड्रमजवळ पालथा हात न्यायचे आणि कुठलं चाक धरून बसलंय, कुठलं कामच करत नाही, हे सांगायचे. डोमाजी नावाचे एक ड्रायव्हर होते. तायड्यांनी हात लावल्याशिवाय ते गाडी बाहेर काढत नसत. ते म्हणायचे, "डॉक्टर नाडी पाहते, तायडे डरम पाहते." हे मला भाऊंच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी सांगितलं. भाऊ स्वतःबद्दल फार बोलत नाहीत.

त्यांच्या डेपोत एक रीत होती. ज्यानं ब्रेक बांधला त्यानं पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं. कुठल्या नियमाच्या पुस्तकात हे नव्हतं. जुन्या फिटरांनी लावलेली शिस्त होती, इतकंच. भाऊ अशा किती फेऱ्या बसले असतील कोण जाणे. अंजनगावपर्यंत जायचे, तिथे चहा घ्यायचे आणि समोरून येणाऱ्या गाडीनं परत यायचे. निवृत्त झाल्यावर मुलीजवळ राहायला अमरावतीला आले, तेव्हा सोबत पान्यांची एक पिशवी आणि ही रीत आली.

मी लहानपणापासून रोजनिशी लिहिते. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये एक वयस्कर नन आम्हाला रोज झोपण्यापूर्वी चार ओळी लिहायला लावायच्या आणि सांगायच्या, पाहिलं ते आधी लिहा, वाटलं ते नंतर. त्या सवयीमुळे पुढच्या तारखा मला नेमक्या सांगता येतात.

१६ नोव्हेंबर, गुरुवार. दिवाळीची सुट्टी संपून प्रियदर्शनी कामावर गेली होती. संध्याकाळी आल्यावर फाटक लावता लावता ती वडिलांना म्हणाली की सकाळी ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जात होती आणि येताना उजवीकडे जात होती. देवमनभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, एक काय ते सांग. ती म्हणाली, दोन्ही.

"गाडी एका बाजूले ओढते," ते म्हणाले. "दोनी बाजूले ओढून राहिली म्हणजे गाडी नाई ओढत, हात ओढते. स्टेअरिंग दोनी हातानं धरत जा."

प्रियदर्शनी आत गेली. जेवणं झाल्यावर भाऊंनी गाडी गल्लीत काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, दोनदा ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. मी भिंतीशी उभी होते. मला म्हणाले, पाहिलं ना बाई, डेपोत नव्या ड्रायव्हरचंही असंच राहायचं. मीही मान हलवली. त्याचं मला नंतर वाईट वाटलं, कारण मुलगी तशी खोटं बोलणारी नाही आणि मी तिला गाडी चालवताना पाहिलेलं आहे.

पण तेही आतून स्वस्थ नव्हते. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा रविवारी त्यांनी गाडी जॅकवर घेतली. हवा मोजली. उजवे टायर डावीकडे आणि डावे उजवीकडे लावून पाहिले. पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेकपॅड नवे घातले. मागचे ड्रम उघडून घासून काढले. रबरी नळ्या फडक्यानं पुसून, वाकवून पाहिल्या. कुठे चीर नव्हती, तेलाचा थेंब नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यांच्या अंगणात लोखंडाचा आवाज चालू होता आणि मला दुपारची झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी ते प्रियदर्शनीच्या शेजारी जाऊन बसले. ब्रेक बांधला होता, म्हणजे पहिली फेरी. मंगळवारीही बसले, कारण सोमवारी संध्याकाळी त्यांनी पुन्हा काहीतरी खोललं होतं. बुधवारीही तेच. रोज संध्याकाळी काही ना काही खोलायचे, त्यामुळे रोज सकाळी पहिलीच फेरी असायची. पंचफुलाबाई दोन डबे भरू लागल्या. भिंतीवरून मला म्हणाल्या, "पोरगी शिकत होती तवा हा मानूस एक दिवस शाळेत नेऊन सोडाले आला नाई. आता नोकरीवर सोडाले जाते. डबा घेऊन."

भातकुलीला दिवसभर ते दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसायचे. बाहेरगावच्या पेशंटांना वाटायचं, हाही आपल्यातलाच. एकदा शिपायानं त्यांना रांगेत उभं केलं आणि केसपेपर हातात दिला. एकदा प्रियदर्शनीच्या सोबतच्या सिस्टर म्हणाल्या, काका रिकामेच बसले आहात तर साखर तपासून घेऊ. भाऊ तिथून उठले ते थेट बसस्टँडवर जाऊन बसले आणि सुट्टी होईपर्यंत आले नाहीत. हे सांगताना प्रियदर्शनी हसत होती. मीही हसले. त्या दिवशीच्या पानावर मी ते गंमत म्हणूनच लिहिलं आहे.

२३ नोव्हेंबरला, गुरुवारीच, मी आणखी एक ओळ लिहिली: तायडेभाऊंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी. चहाचं भांडं लागलं म्हणाले.

त्यानंतरच्या शनिवारपासून प्रियदर्शनीनं गाडीबद्दल बोलणं बंद केलं. भाऊंनी विचारलं की म्हणायची, ठीक आहे. संध्याकाळी ते चाकांना हात लावायचे, चारी सारखेच म्हणायचे आणि तरीही जेवायच्या आधी दोनदा अंगणात येऊन गाडीभोवती फिरून जायचे. मी दिवा मालवल्यावरही त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. गाडी ठीक आहे तर हा माणूस फिरतो का, हे मला समजत नव्हतं.

४ डिसेंबरला, सोमवारी, प्रियदर्शनीला अकोल्याला प्रशिक्षणासाठी साडेदहाला पोचायचं होतं. माझी मोठी बहीण अकोल्याला रामदासपेठेत असते, म्हणून मी सोबत निघाले. पंचफुलाबाई आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, जा ना एस.टी.नं, जन्मभर एस.टी.चं मीठ खाल्लं. भाऊंनी ऐकलं नाही. गाडीत दोष नाही असं रोज म्हणायचं आणि लांबच्या गावाला जायच्या दिवशी बसनं जायचं, ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं. सकाळी सातला आम्ही निघालो. ते पुढे, पान्यांची पिशवी पायाशी. मी मागे, पाण्याची बाटली आणि बहिणीसाठी केलेल्या लाडवांचा डबा घेऊन.

बडनेरा सोडल्यावर रस्ता मोकळा झाला. प्रियदर्शनी सावकाश चालवत होती, पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवून की मधे कोणीही येऊन घुसायचं. पुढे गर्दी दिसली की ती आधीच वेग कमी करायची, ब्रेकवर पाय अगदी हलका ठेवायची. मला तेव्हा वाटलं, वडील बाजूला आहेत म्हणून जपून चालवते आहे. भाऊंची नजर रस्त्यावर नव्हती, तिच्या पायाकडे होती.

कुरुमच्या अलीकडे कापसानं भरलेली एक ट्रॉली शेताच्या वाटेवरून डोलत रस्त्यावर आली. ट्रॅक्टरवाल्यानं इकडे पाहिलंच नाही. प्रियदर्शनीनं पहिल्यांदा ब्रेक पूर्ण दाबला. गाडी थांबता थांबता उजवीकडे वळली, दुभाजकाच्या दिशेनं, कुणीतरी समोरून कान धरून ओढावं तशी. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला. तिनं स्टेअरिंग डावीकडे दाबून धरलं आणि आम्ही दुभाजकापासून हातभर अंतरावर थांबलो. माझ्या मांडीवरचा डबा खाली पडला होता. ट्रॅक्टर निघून गेला, तरी प्रियदर्शनीचे हात स्टेअरिंगवरून सुटेनात.

मग ती स्वतःशीच म्हणाली, "रोजच्यापेक्षा जास्तच गेली."

भाऊंनी तिच्याकडे वळून पाहिलं. मला मात्र तो एक शब्द पुढची वीस मिनिटं ऐकू येत राहिला. रोज.

मूर्तिजापूरला रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती, तिथे गाडी उभी केली. आम्ही तिघंही लगेच उतरलो, आत बसवतच नव्हतं. भाऊ नेहमीसारखे निघाले. डावं पुढचं, डावं मागचं, उजवं मागचं, उजवं पुढचं. बोटं आत घातली, थांबले, काढली.

"सारखेच," ते म्हणाले.

मी उजव्या बाजूनं उतरले होते आणि मला वास येत होता. इस्त्री कापडावर विसरून राहिली की येतो तसा. मी उजव्या पुढच्या चाकाजवळ नुसता हात नेला, लावलाही नाही, तरी तळहाताला धग लागली. डाव्या बाजूला गेले. तिथे चाक कोमट होतं.

टपरीवाल्यानं चहा आणून दिला. काचेचे ग्लास, काठोकाठ भरलेले. प्रियदर्शनीनं ग्लास वरच्या काठाला दोन बोटांत धरला. मी पदरात धरला. भाऊंनी तो मुठीत धरला होता, पूर्ण मूठ आवळून, आणि ते रस्त्याकडे बघत होते. त्यांच्या मधल्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाची कातडी पांढरी पडून सुटलेली होती. त्याच्याखाली नवा, लालसर फोड होता. आताचा.

मला ते २३ तारखेचं पान आठवलं. नवरा चाळीस वर्षांत चुलीजवळ फिरकला नाही म्हणून पंचफुलाबाई भांडतात, हेही आठवलं. या माणसानं चहाचं भांडं उचललं कधी?

काय करावं ते मला पटकन सुचेना. मुलीसमोर बोलायचं तर त्यांचा अपमान. न बोलावं तर अजून पंचेचाळीस किलोमीटर जायचं होतं. मी माझी पाण्याची बाटली घेतली, त्यांना म्हटलं, भाऊ जरा इकडे या. डाव्या चाकाच्या भोकातून आत थोडं पाणी टाकलं. पाणी वाहून खाली मातीत गेलं. मग उजवीकडे आलो. तिथे पाणी टाकलं तसं ते चर्रर्र वाजलं आणि वाफ वर आली.

देवमनभाऊ त्या वाफेकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपली दोन बोटं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

"बोटाइले समजत नाई, बाई," ते हळू म्हणाले. "पावसाळ्यापासून. पहिले मुंग्या येत होत्या. मंग त्याही गेल्या."

प्रियदर्शनी मागे येऊन उभी होती, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. ती रोज साखरेच्या दहा पेशंटांचे असले हात बघते. तिनं त्यांचा हात ओढून घेतला, उलटा केला, फोड पाहिला आणि विचारलं,

"बाबा, मले काहून नाई सांगितलं?"

"तू काहून नाई सांगितलं? रोज ओढून राहिली ते?"

"तुमी हात लावून सांगत होते ना सारखेच म्हणून. मी काय म्हणू मंग? तुमी बाजूले बसले की ब्रेक हलकाच दाबत होती. अख्ख्या डेपोचे ब्रेक तुमी पाहिले अन् मी म्हणू बाबाचा हात चुकते?"

भाऊंनी हात सोडवून घेतला. टपरीवाला आमच्याकडे बघत होता. प्रियदर्शनीनं घड्याळ पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. शेवटी भाऊच म्हणाले की अकोल्याची बस आता लागत असेल, तू बसनं जा. तिला जायचं नव्हतं. त्यांनी तिची पिशवी उचलली आणि चालू लागले. बसमध्ये चढताना ती मला म्हणाली, "काकू, त्यांना चालवू नका देऊ. बोटं अशी आहेत तर पायही असेच असतील." मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं नाही.

मी बहिणीला फोन करून सांगितलं की आज येणं होत नाही. मग टपरीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. पण बसवेना. भाऊंनी गाडी उजव्या बाजूनं जॅकवर घेतली आणि चाक फिरवून पाहिलं. ब्रेकवर कोणाचाही पाय नव्हता, तरी चाक फिरत नव्हतं.

"धरून बसलं," ते म्हणाले. "आता कोण धरून बसलं ते पाहू."

एवढे दिवस ते मला फक्त काम करताना दिसत होते. त्या दिवशी ते प्रत्येक गोष्ट बोलून दाखवत होते, मला सांगण्यासाठी की स्वतःला खात्री पटावी म्हणून, ते कळत नव्हतं. ब्रेकचं तेल लोखंडी नळीतून येतं, मग चाक वळतं म्हणून शेवटच्या हातभर अंतरात रबरी नळी असते, आणि तिथून ते चाकाच्या ब्रेकमध्ये जातं. त्यांनी आधी लोखंडी नळी जिथे रबराला जोडते ती जोडणी सैल केली. तेलाचे दोन थेंब आले. चाक फिरवलं, फिरेना. "म्हणजे वरून दाब नाई," ते म्हणाले. जोडणी घट्ट केली. मग रबराच्या दुसऱ्या टोकाला, चाकाजवळचा छोटा नट पाव फेरा उघडला. तिथून तेलाची बारीक चिळकांडी उडाली, त्यांच्या शर्टावर आली. त्यांनी चाकाला नुसता धक्का दिला आणि ते भिंगरीसारखं फिरलं.

ते खाली मातीतच बसले.

"नळी," म्हणाले. "रबराची नळी आतून फुगली."

मग मला समजावून सांगितलं. ब्रेक दाबला की जोर असतो, त्यामुळे तेल त्या अरुंद झालेल्या नळीतून कसंबसं पलीकडे जातं, पण उशिरा जातं. तेवढ्यात डावं चाक आधी धरतं आणि गाडी डावीकडे जाते. पाय उचलला की तेलाला आपलं आपण परत यायचं असतं, त्याला जोर नसतो, ते पलीकडेच अडकतं. असं चार-पाच वेळा झालं की उजवं चाक सुटतच नाही, तापतं, आणि मग गाडी उजवीकडे जाते. गल्लीत थंड गाडीला दोनदा ब्रेक दाबून यातलं काही दिसणार नव्हतं.

"पोरगी पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होती," ते म्हणाले. "दोनी बाजूले."

मी विचारलं, इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं का. ते म्हणाले, नाही. डेपोत रबरी नळी तारखेनं बदलायची, चांगली असो की वाईट. म्हातारी झालेली नळी त्यांनी चौतीस वर्षांत कधी हातात धरलीच नव्हती. शिवाय तिथं तेल नसतं, हवेचे ब्रेक असतात. ही नळी त्यांनी रोज पुसली होती. बाहेरून चांगली दिसत होती, म्हणून तिच्यावर संशय घेतला नाही.

नव्या नळ्यांसाठी ते ऑटोनं बाजारात गेले. दोन आणल्या, डाव्या चाकासाठीही एक. आणायला दीड तास लागला. त्या दीड तासात मी टपरीपासून गाडीपर्यंत किती वेळा गेले, मोजलं नाही.

परत आल्यावर खरी अडचण पुढे आली. नटाचा आटा नीट बसला की नाही हे बोटांना कळतं. त्यांच्या बोटांना कळेना. दोनदा नट तिरका चढला आणि त्यांनी काढला. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले, नट आधी उलटा फिरवत राहिले, सावकाश, कान जवळ नेऊन. बारीक टक् असा आवाज आला, मलाही ऐकू आला. मग त्यांनी सुलटा फिरवला आणि तो सरळ चढत गेला. प्रत्येक नट त्यांनी तसाच बसवला. रस्त्यावरून ट्रक गेला की हात थांबवायचे, आवाज जाऊ द्यायचे आणि पुन्हा उलटा फिरवायला लागायचे.

नळीतली हवा काढायला कोणीतरी आत बसून ब्रेक दाबावा लागतो. तिथे मीच होते. "दाबा बाई. धरा. धरूनच ठेवा. आता सोडा." असं किती वेळ चाललं कोण जाणे. माझा उजवा गुडघा ठणकत होता, पण त्यांना थांबा म्हणायची हिंमत होत नव्हती. खाली त्यांनी पारदर्शक नळी बाटलीत सोडली होती आणि तेलातले बुडबुडे संपेपर्यंत ते डोळे लावून बसले होते.

जुनी नळी त्यांनी चाकूनं आडवी कापली. तुकडा माझ्या हातात दिला आणि उन्हाकडे धरून पाहा म्हणाले. बाहेरून माझ्या करंगळीएवढी जाड नळी, आणि आत सुईच्या टोकाएवढा उजेड. त्यांनी तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात ठेवला.

प्रियदर्शनी पाचच्या आधी परत आली. प्रशिक्षणात एक अक्षर डोक्यात गेलं नाही म्हणाली. भाऊंनी तिला तो तुकडा दाखवला आणि एवढंच म्हटलं, "तुह्यं बरोबर होतं." तिनं तो हातात घेतला. नळी उन्हाकडे धरून बराच वेळ पाहत राहिली.

परतीला तीच चालवत होती आणि ते बाजूला बसले होते, रीतीप्रमाणे. कुरुमच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी तिला आरशात पाहायला सांगितलं. मागे कोणी नाही ना? दाब. तिनं जोरात दाबला. गाडी सरळ थांबली, रस्त्याच्या पट्ट्यावर. थोडं पुढे जाऊन पुन्हा दाबायला लावला, पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा. मी मागे समोरच्या सीटला धरून बसले होते. पाचव्यांदा म्हणाले तेव्हा प्रियदर्शनी म्हणाली, बाबा, काकूंचे लाडू आता डब्यात पीठ झाले असतील.

घरी आल्यावर तिनं त्यांची साखर पाहिली. जेवणाआधी दोनशे ऐंशी. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. पायांच्या तळव्यांना त्यांनी काडी लावून विचारलं, कुठे लागते, आणि भाऊंनी अर्ध्या वेळा चुकीचं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. पंचफुलाबाई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत आणि त्यांच्या चहातली साखर त्याच दिवशी बंद केली. गेलेली जाणीव परत येईल का, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही.

पहिली फेरी झाली होती. त्यामुळे गुरुवारी, सात तारखेला, त्यांना गाडीत बसायला काही कारण नव्हतं. प्रियदर्शनी एकटी गेली. भाऊ फाटकाशी उभे राहिले. मी दहाला बाहेर आले तेव्हा ते तिथेच होते. दुपारी दिसले नाहीत. चारला पुन्हा आले. साडेचार झाले, पावणेपाच झाले. मी भाजी निवडायला ओट्यावर बसले होते आणि एकच जुडी दोनदा निवडली. पाचला दहा कमी असताना गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली.

गाडी अंगणात लागली. प्रियदर्शनी उतरून आत गेली. भाऊ डाव्या पुढच्या चाकापाशी गेले, वाकले, हात पुढे केला आणि थांबवला. मग भिंतीकडे आले.

"बाई, जरा इकडे या. हात लावा."

मी म्हटलं, प्रियदर्शनीला सांगा ना, ती घरातच आहे.

"ते बापासाठी खोटं बोलते," ते म्हणाले. "तुमी बोलणार नाई."

मी गेले. माझ्या गुडघ्यांना खाली वाकणं सोपं नाही, त्यांनी मला आधाराला स्टूल आणून दिलं, ते धरून वाकले. डावं पुढचं कोमट. डावं मागचं जवळजवळ गार. उजवं मागचंही तसंच. उजव्या पुढच्यापाशी पालथा हात नेला आणि मला ते डाव्यापेक्षा किंचित जास्त वाटलं. मी परत डावीकडे गेले. परत उजवीकडे आले. भाऊंचा श्वास मला ऐकू येत होता.

"किंचित जास्त आहे," मी म्हटलं. "पण गाडीच्या या बाजूला आत्तापर्यंत ऊन होतं."

त्यांनी बाटलीतलं पाणी आत टाकलं. पाणी मुकाट्यानं खाली आलं. ते मातीत मुरेपर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, उद्या ती आली की गाडी तोंड फिरवून लावायला सांगतो. मग पाहू.

शुक्रवारी गाडी उलट्या तोंडानं लागली. आता ऊन डाव्या बाजूला होतं आणि डावं चाक किंचित जास्त होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच, गाडीभोवती दुसरी फेरी न मारता, घरात गेले.

पण शनिवारी पुन्हा मला हाक आली. तेव्हापासून रोज येते. प्रियदर्शनी उशिरा आली तर मी साडेचारपासूनच ओट्यावर असते, आणि भाऊ फाटकाशी.